खुशाल मास्तरचं भरदुपारचं नाटक

खुशाल मास्तर जेवताना गप्प बसला की कोंढा गावातल्या दहा-बारा घरांत धाकधूक सुरू व्हायची. एरवी हा माणूस घास तोंडात असताना दोन पदं आणि अर्धा प्रवेश म्हणून दाखवणारा. तो मुकाट्यानं वरण-भात कालवत बसला म्हणजे त्याच्या डोक्यात नवीन काही शिजतंय, आणि ते शिजलं की गावातल्या कोणाला तरी गिळावं लागणार, हे ठरलेलं. त्याची बायको रुखमा तर वाढता वाढता हळूच विचारायची, यंदा कोणाचा नंबर आहे म्हणून.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे हो. पोरांना पाढे शिकवायला बसवला असता तर त्यानं तेही भैरवीत बसवले असते. खुशाल होता तालीममास्तर, म्हणजे गावाचं नाटक बसवणारा. सहा एकर धान, एक बैलजोडी आणि एक जुनी पेटी एवढी त्याची इस्टेट. त्यातली पेटी तेवढी वेळेवर पोसली जायची, असं शेजारी म्हणत, आणि शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखात, नाटक म्हणजे पदं. राजा सिंहासनावर बसायच्या आधी गातो, चोर कुलूप फोडायच्या आधी गातो, आणि ज्याच्या पोटात खंजीर गेला तो तर कोणाच्या बापाचं ऐकत नाही, तीन कडवी म्हटल्याशिवाय मरत नाही. नाटक कसं झालं, असं विचारलं तर लोक सांगतात, एकवीस पदं होती. बास. एकवीसवाल्यापेक्षा पंचवीसवालं चांगलं, हा साधा हिशोब. नाटकासाठी गावाबाहेर जमीन खोदतात, खड्ड्यात लोक बसतात, निघालेल्या मातीचा ओटा करून त्यावर शेणसडा घातला की झाला रंगमंच. दोरी बांधून एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडीमाणसं. अशी रीत, आणि ही रीत कुणाला खुपत नव्हती. खुपली ती खुशालला.

त्याचं मूळ होतं चिखल्यात. बापाशी भांडून हा विशीत पळाला आणि दोन वर्षं चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत राबला. बापाचा राग ओसरल्यावर परत आला, तो पैसे घेऊन नाही, एक वेड घेऊन. खाणीत म्हणे जमिनीखाली अंधारात काम करताना कुठून तरी गाणं यायचं. गाणारा दिसायचा नाही, कोणत्या बोगद्यात आहे ते कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. खुशाल सगळ्यांना विचारत सुटला, की गाणाऱ्यानं लोकांसमोर छाती काढून, पेटीशेजारी उभं राहूनच गायलं पाहिजे, हा कायदा केला कोणी. कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग खुशालनं तो मोडायला घेतला.

एकाहत्तरच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, त्यानं श्रावणला आंब्याच्या झाडावर चढवलं. श्रावण हा गावाचा नायक, गोरागोमटा, गळा असा की ऐकून म्हैस पान्हा सोडेल. नाटकात मेलेल्या राजाचा आत्मा होता, तो लोकांच्या डोक्यावरून, पानांतून गाणार, अशी खुशालची कल्पना. कल्पना सोन्यासारखी. पण आंब्यावर लाल मुंग्यांचं घर होतं. आत्म्यानं पहिलं कडवं गोड म्हटलं, दुसऱ्या कडव्यात अशा काही ताना मारल्या की शेजारच्या अड्याळहून आलेले जाणकार माना डोलवू लागले, आणि तिसऱ्या कडव्याला आत्मा सदरा फेकून थेट राजदरबारात उतरला आणि सिंहासनाला पाठ घासू लागला. श्रावणनं पुढं सहा महिने मास्तरला रामराम केला नाही.

बाहत्तरला खरे बैल आणले. त्यांनी राजकन्येचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, महाल खाल्ला. त्र्याहत्तरला प्रॉम्प्टर काढून टाकला, कारण म्हणे तो नटाच्या आधी बोलतो. झालं, हिरालाल सेनापती भर युद्धात भाषण विसरला, गप्प उभा राहिला, समोर बसलेला जावई दिसला तसा त्याला म्हणाला, कवा आले, पोरगी बरी हाये ना. जावई बिचारा उठून, हात जोडून, बरी हाये म्हणाला.

गंमत अशी की लोक हसत होते, शिव्या देत होते, पण येत होते. यंदा खुशालनं काय मोडलं ते पाहायला अड्याळच्या बैलबंड्या भरभरून यायच्या. हे भय्याजींना दिसत नव्हतं असं नाही. भय्याजी म्हणजे नाटक मंडळाचे अध्यक्ष, गावातलं मोठं घर. मान इतका, की ते शिंकले तरी दोघं जण हो म्हणत. पण गावाचं हसू होतं, हे त्यांना बोचत होतं, आणि ते बोचावं म्हणून रोज टोचणारा एक जण होता, ताराचंद. ताराचंदचं अड्याळच्या बाजारात कापडाचं दुकान. त्यानं सात रंगीत पडदे शिवून ठेवले होते, महाल, जंगल, नदी, तुरुंग, सगळं. मास्तरकी मिळाली की हे पडदे आणि नागपूरच्या दोन गाणाऱ्या बाया आणून कोंढ्याचं नाव करतो, असं तो सांगायचा. त्याला पेटी वाजवता यायची. बेसूर नव्हता. हे खुशालही मान्य करायचा, आणि म्हणूनच त्याला भीती वाटायची.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यानंतर भय्याजींच्या ओसरीवर बैठक झाली. ताराचंद पडद्यांच्या घड्या घेऊनच आला होता. भय्याजींनी सुपारी कातरून संपेपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही, आणि मग निकाल दिला.

"खुशाल, एक डाव देतो. यंदाचाच. नाटक शेवटपावतर गेलं पाहिजे न गावाची इज्जत जाले नाई पाहिजे. यातलं एकही झालं नाई, तं पुढच्या सालापासून ताराचंद मास्तर. मंग तू पेटीले हात लावशीन तं मी ऐकून घेनार नाई."

खुशाल घरी आला आणि जेवताना गप्प बसला.

त्या वर्षी रॉकेल मिळेना. गॅसबत्त्या पेटवायच्या कशानं, हा मोठा प्रश्न, आणि अर्ध्या गावांनी तर नाटकच रद्द केलं. खुशालनं सांगितलं, नाटक दुपारी करू. लोकांना वाटलं, डोकं गेलं. दुपारी तर राजाच्या मुकुटावरची बेगड दिसते, राणीच्या मिशांची खुंटं दिसतात. खुशाल म्हणाला, मग राजा-राणी नकोच. त्यानं स्वतः नाटक लिहिलं, 'बांधी पडीत राहिली'. बांधी म्हणजे धानाचं शेत. एक पोरगा आईला सोडून खाणीवर पळतो, आई मरते, बांधी पडीत राहते, आणि पोरगा परततो तेव्हा गावच्या बायांनी त्याची बांधी रोवून ठेवलेली असते. एवढीच गोष्ट. कोणाची होती ते सगळ्यांना कळत होतं, फक्त खुशालची आई जिवंत होती आणि तिला मारल्याबद्दल तिनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

मागचा पडदाही काढला. ओट्यामागं हिरालालची बांधी होती, उशिरा पिकणारं भारी धान अजून उभं होतं, पिवळंधमक. ते दिसू द्या म्हणाला. ताराचंदनं सात पडद्यांची घडी परत बांधली, पण चेहऱ्यावर समाधान होतं. एवढं सगळं मोडणारा माणूस आपोआप पडेल, आपण फक्त बाजूला सरकायचं, हे त्याला उमगलं होतं.

आता राहिल्या रोवणाऱ्या बाया. दुसऱ्या कोणी लुगडी नेसवून चार गडी उभे केले असते. पण खुशालनं त्या पावसाळ्यात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधीत टाकता टाकता रोवणीची गाणी ऐकली होती. बाया वाकलेल्या, तोंडं चिखलाकडे, कोण गातंय ते दिसत नाही, आणि आवाज जमिनीतून यावा तसा येतोय. त्याला खाण आठवली. हातातली जुडी धरून तो इतका वेळ उभा राहिला, की रुखमानं ओरडून विचारलं, जुडी द्यायची आहे का लग्नात आहेर करायची आहे. त्याला या बाया पाहिजे होत्या. ह्याच. गावच्या, घरंदाज, ज्यांच्यातली एकही कधी ओट्यावर चढली नव्हती आणि चढली असती तर भय्याजींची ती इज्जतीची अट पहिल्याच पावलाला मोडली असती.

रुखमानं ऐकून घेतलं. ती रोवणीत गाणं उचलणारी, म्हणजे पहिली ओळ तिची आणि मागून बाकीच्यांची. सगळ्या बाया तिचं ऐकत. तिनं भाकरीचं पीठ मळता मळता अटी सांगितल्या. ओट्यावर पाय ठेवणार नाही. तोंडाला पावडर लावणार नाही. गड्यांच्या तालमीत येणार नाही. आम्ही दोरीच्या आमच्या अंगाला, लोकांमध्ये, लेकरं मांडीवर घेऊन बसू आणि तिथून गाऊ. पटत असेल तर सांगा, नाहीतर श्रावणला लुगडं नेसवा.

ज्यानं आयुष्यभर कोणाची अट ऐकली नाही तो खुशाल पिठाच्या परातीकडे पाहत राहिला आणि मग एकदम हसायला लागला. लोकांमधून गाणं. समोर नाही, झाडावर नाही, लोकांच्या शेजारून. शेजारी बसलेली जनाबाई गायला लागली की लोकांनी दचकून पाहायचं. त्यानं उठून पेटी काढली, तर रुखमा म्हणाली, आधी जेवा.

तालीम त्यांच्या अंगणात, दुपारी. अकरा बाया जमत. जनाबाई सगळ्यांत वयस्क, तिला गाणी इतकी येत की तिच्या सुनेला कंटाळा आला होता. बाया सुपात तांदूळ निवडत बसत आणि गात. दोन कडवी झाली की गाणं थांबे. रोज, बरोब्बर दोन कडवी, बरोब्बर तिथंच. खुशालनं वहीत लिहून ठेवलं, दोन कडवी, मग श्रावणचा प्रवेश. इतकं नेटकं काम त्याच्या गड्यांनीही कधी केलं नव्हतं, आणि तो तसं श्रावणला ऐकवायचाही.

मंडईचा दिवस उजाडला. भरदुपारचं नाटक म्हणून कधी नव्हे ती गर्दी. ज्या बायांना घरची राखण टाकून रात्री यायला मिळत नव्हतं त्या सगळ्या आल्या, म्हणून दोरी दोनदा सरकवावी लागली. भय्याजी पुढं खुर्चीत, शेजारी ताराचंद. खुशाल ओट्याखालच्या प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात, मांडीवर वही. काढून टाकलेला प्रॉम्प्टर आता तो स्वतःच झाला होता.

नाटक असं चढलं की विचारू नका. आई मेली तेव्हा दोरीच्या दोन्ही अंगांना पदर आणि उपरणी डोळ्यांना लागली. खुशालची खरी आईसुद्धा रडली आणि शेजारणीला म्हणाली, मी मेल्यावर हा इतका रडला पाहिजे. पदं पंधरा झाली होती, उरली होती चार. मग श्रावण खांद्यावर बोचकं घेऊन हिरालालच्या धानातून, दूरवरून चालत आला. लोकांनी त्याला खूप लांबून पाहिलं आणि तो जवळ येईपर्यंत कोणी खोकलं नाही. तो ओट्यावर चढला. आणि दोरीपलीकडे रुखमानं गाणं उचललं.

पऱ्ह्याची जुडी माय, हाती घेतली वो,
पडीत बांधी माय, ओली झाली वो.

माणसं दचकून वळली. मागं बसलेल्या एकाला वाटलं, आपली बायको गातेय, आणि ती खरंच गात होती. खुशालच्या हातावर काटा उभा राहिला. चिखल्याच्या अंधारात आला होता तो आवाज आता भर उन्हात, त्याच्या गावात, पाचशे माणसांच्या मधून येत होता. दुसरं कडवं झालं.

ज्याची त्याची बांधी माय, ज्याचा त्याचा धनी वो,
याच्या बांधीले माय, नाई कोनी वो.

श्रावणनं तोंड उघडलं. तोवर जनाबाईनं तिसरं कडवं उचललं.

श्रावणनं तोंड मिटलं. चौथं कडवं. पाचवं. आता अकरा बायांच्या आजूबाजूच्याही गायला लागल्या, कारण गाणं सगळ्यांच्याच ओळखीचं होतं, आणि रोवणीत कोणी गाणं उचललं तर मागून म्हणायचं नाही, असं या जिल्ह्यात कोणत्या बाईला जमलंय. दोरीचं ते अख्खं अंग गाऊ लागलं. तबलजी घामाघूम. खुशालनं खड्ड्यातून हात हलवले, बास करा. रुखमा त्याच्याकडे पाहत होती, गात होती, आणि डोळ्यांनी काहीतरी विचारत होती. त्याला कळेना.

दहाएक कडव्यांनंतर गाणं नाटकातून निघालं आणि गावात शिरलं. रोवणीत असंच होतं, काम लांबलं की बाया नावं घेऊन चिमटे काढतात. पहिला मान ताराचंदला.

ताराचंदाचा गज माय, आखूड झाला वो,
लुगड्याचा पदर माय, डोईवर नाई आला वो.

खड्डाभर हशा. ताराचंद हसला, पण एकाच गालानं. मग त्यानं भय्याजींच्या कानाशी लागून सूर्याकडे बोट केलं. अड्याळच्या लोकांना उजेडात घर गाठायचं होतं, गाई-म्हशी वाट पाहत होत्या. एकदा बंड्या हलल्या की संपलं. "नाटक तो गया, भय्याजी," तो म्हणाला. "ही तं रोवनी चालू झाली." आणि तेवढ्यात बायांच्या गर्दीच्या मागून, पदराआडून एक नवाच आवाज उठला.

मोठ्या घरची कढी माय, मोठी पातळ वो,
बुडाशी दिसे माय, गंजाचं पितळ वो.

गंज म्हणजे पातेलं. भय्याजींच्या घरी रोवणीवाल्यांना मिळणारी कढी कशी असते, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं, पण ते असं सुरात कोणी सांगितलं नव्हतं. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. भय्याजी खुर्चीतून अर्धे उठले. मागच्या बाजूला दोन-चार जणं धोतर झटकत उभे राहिले, बंडी जुंपायला. खुशालला दिसलं, की आता एक कडवं, फार तर दोन, आणि त्याची मास्तरकी त्या बंड्यांबरोबर अड्याळच्या रस्त्याला लागणार.

त्यानं रुखमाकडे पाहिलं. तिनं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. आणि तिथं, त्या खड्ड्यात, खुशालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तालमीत दोन कडव्यांना थांबत होतं ते गाणं नव्हे, सुपातले तांदूळ. सूप निवडून झालं की गाणं बंद. रोवणीत बांधीच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत पोचलं की गाणं बंद. पात, म्हणजे रोवायला धरलेली पट्टी, अर्धी सोडून गाणं टाकायचं नसतं, ते वाईट. आणि त्यानं या बायांना गाणं दिलं होतं, पण काम दिलं नव्हतं. हात रिकामे, धुरा नाही. त्या थांबणार कुठं? त्या बिचाऱ्या मघापासून डोळ्यांनी तेच विचारत होत्या.

तो खड्ड्यातून वर आला. ओट्याच्या मातीच्या काठावर त्यानं तळहात मारला. नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. त्यानं पाचशे जणांत घेतलं.

"रुखमा, धुरा इथं हाये."

रुखमा उठली. तिनं लुगड्याचा ओचा खोचला, ओट्याकडे पाठ केली आणि वाकली. रोवणी मागं मागं सरकत करतात, पुढचं रोवलेलं तुडवायचं नसतं ना. तिच्या शेजारी जनाबाई वाकली, मग तिसरी, मग चौथी. ओळ धरली गेली. हात रिकाम्या जमिनीत पऱ्हे खोचू लागले आणि ओळ गात गात, उलट्या पावलांनी, ओट्याकडे सरकू लागली. ओळ लांबत दोरीच्या पलीकडे गेली, तशी गडीमाणसं खड्ड्यात बसल्या जागी बाजूला रेटली गेली. कोणी चपला उचलल्या, कोणी पोरं. जुंपायला निघालेले तसेच उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं तर सवयीनं वाट सोडताना पाय असा उचलून टाकला, जसा ओल्या बांधीत टाकतात.

रुखमाची टाच मातीच्या काठाला लागली. मग जनाबाईची. एकेक टाच लागत गेली, आणि शेवटची लागली तसं गाणं थांबलं. कोणी थांबवलं नाही. बाया कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं, की ओट्याकडे पाठ करून निघालेल्या या बाया आता अख्ख्या गावासमोर तोंड करून उभ्या आहेत, मागं पिवळं धान, आणि एकीचंही पाऊल ओट्यावर नाही.

श्रावण बोचकं घेऊन इतका वेळ उभा होता, की त्याच्या दोन पानी भाषणातला एक शब्द त्याच्याजवळ उरला नव्हता. खुशालच्या हातात वही होती. त्यानं सांगितलं नाही. श्रावण त्या पाठींकडे पाहत राहिला, ओट्यावर गुडघे टेकले आणि म्हणाला, "मायहो, मी आलो." एवढंच. खुशालनं वही मिटली, पेटीवर गेला आणि शेवटचा सूर धरला. नाटक संपलं. चार पदं राहून गेली होती, आणि हे त्या भागात, जिथं लोक पदं मोजून नाटक घेतात.

ताराचंदनं ताबडतोब तेच काढलं. चार पदं कमी, म्हणजे नाटक शेवटापर्यंत गेलं नाही. आणि टाचा ओट्याला लागल्या, म्हणजे बाया ओट्यावर गेल्या. दोन्ही अटी मोडल्या. टाच लागणं म्हणजे चढणं होतं का, यावर तिथंच वाद पेटला. हिरालाल म्हणाला, मग माझी म्हैस रोज पाटलाच्या भिंतीला घासते, ती काय घरात राहायला गेली?

भय्याजी बायांकडे पाहत होते. मोजत होते. अकरा सांगितल्या होत्या, सतरा निघाल्या. सोळाव्या जागी डोक्यावरचा पदर सावरत निर्मलाबाई उभी होती, भय्याजींची सख्खी बायको, आणि कढीचं ते कडवं कोणाच्या गळ्यातून आलं होतं ते आता त्यांना कळलं. तिनं नवऱ्याची नजर चुकवली नाही.

"रोवना झाला," निर्मलाबाई म्हणाली. "आता कोनाले काय इचारून राहिले तुम्ही? घरी चला, कढी करतो. घट्ट करतो."

भय्याजींनी उपरणं खांद्यावर नीट केलं. ताराचंदकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि सांगितलं, की नाटक शेवटपर्यंत गेलं, आपण डोळ्यांनी पाहिलं. इज्जतीचं ज्याला विचारायचं असेल त्यानं माझ्या घरी येऊन विचारावं. घरी जाऊन निर्मलाबाईसमोर हे विचारायची छाती कोणाची होती. मास्तरकी खुशालकडे राहिली.

पण रुखमानं त्याला सुखानं राहू दिलं नाही. पात कुठं संपते हे ज्याला ठाऊक नाही तो कसला मास्तर, असं तिनं सरळ सांगितलं, आणि पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याला बायांच्या ओळीत उभा केला. गडीमाणसं नांगरतात, चिखलणी करतात, जुड्या टाकतात. रोवत नाहीत. खुशालनं रोवली. बाया धुऱ्यावर पोचून कंबर मोडून उभ्या, हा अजून बांधीच्या मधोमध, आणि तो पोचल्याशिवाय गाणं संपत नाही म्हणून जनाबाई कडवी जोडतेय.

मास्तरची पात माय, वाकडी गेली वो,
बेडकानं पाहून माय, मान फिरवली वो.

अड्याळपर्यंत गेलं ते कडवं. खुशालनं पुढच्या नाटकात ते घातलं, स्वतःवरच, आणि त्यावर सगळ्यांत मोठी टाळी घेतली.

मग मात्र तो सुटला. अठ्ठ्याहत्तरला चिखल्याच्या खाणकामगारांचं नाटक बसवलं, ते त्यांच्या वसाहतीत, उतारावर, लोक खाली आणि नट लोकांच्या मागं. ऐंशीला पवनी तालुक्यातली तीन गावं त्याच्यासाठी भांडली. त्याच्या नाटकांना ताराचंदचे सातही पडदे भाड्यानं जायचे, पण आता ते मागं लागत नसत. एक नदीवर टाकायला, एक बैलाच्या पाठीवर, आणि तुरुंगाचा पडदा खुशालनं कापून कैद्यांचे सदरे केले. ताराचंदनं दोन दिवस कांगावा केला, आणि तिसऱ्या दिवशी सदऱ्यांची मापं स्वतः घेतली. त्यानंतर तो खुशालची पेटी वाजवायचा. मापाचा तो पक्का झाला होता.

प्रत्येक नाटकाआधी खुशालची एकच मागणी, काम दाखवा. रुखमा बायांशी बोलणी करायची, दोरी कुठं बांधायची ते ठरवायची, आणि खुशाल कामाला लागायचा. कांडण, खळं, वीटभट्टी, सगळं केलं त्यानं. सगळं वाईट केलं.

चौऱ्याऐंशीला अड्याळच्या मंडळानं मोहफुलं वेचणाऱ्या म्हातारीची गोष्ट मागितली. खुशाल एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन बायांबरोबर जंगलाच्या कडेला गेला. फुलं टपटपत होती. बाया वाकून वेचत होत्या, मास्तर मागून सुटलेली वेचत होता आणि वाट पाहत होता, गाणं कधी उचलतात याची. उन्हं वर आली. टोपल्या भरत आल्या. कोणी गायलं नाही. शेवटी त्यानं एका म्हातारीला विचारलं, यावर गाणं कोणतं म्हणता.

"गानं कायचं, बापा," ती म्हणाली. "फूल पडते ते ऐकावं लागते. नाई तं कुठं पडलं ते सापडते कसं?"

त्या मंडईला अड्याळच्या खड्ड्यात आठशे माणसं होती. तेरावं पद झालं, आणि चौदाव्याच्या जागी दोरीपलीकडून वीस बाया मुकाट्यानं वाकल्या. ओट्यावरच्या झाडामागं श्रावण टोपली घेऊन बसला होता, तो एकेक फूल सोडत होता. पेटी बंद, तबला बंद. पेटीवर ताराचंद, सवयीनं डाव्या हाताच्या बोटांवर पदं मोजणारा. त्यानं चौदाव्या पदाचं बोट अर्धं वाकवलं आणि तसंच धरून ठेवलं, हे गाण्यात धरायचं की नाही ते न कळून. कोणी उठलं नाही. सगळे कान देऊन बसले होते, पुढचं फूल कुठं पडतं त्याकडे.